वही, रूळ आणि स्टेटस: यवतमाळच्या छोट्या धंद्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा घरचा आहे. घरचा म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा, आणि त्यातही आमच्या मावशीच्या गच्चीवरून सुरू होणारा. पण थांबा, पुढे इंग्रज येतात, कापूस येतो, रेल्वे येते, ऑर्कुटही येतं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेली दोन-चार वाक्यं नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तर झालं असं. माझी मावशी दारव्ह्याला राहते. उन्हाळ्यात ती आणि शेजारच्या चार-पाच बाया मिळून वाळवणाचा धंदा करतात. कुरड्या, शेवया, मुगवड्या, ज्वारीचे पापड आणि सरगुंडे. (सरगुंडे म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्यांनी एखाद्या वैदर्भीय मित्राला विचारावं, आणि जमलं तर त्याच्या घरी जेवायलाच जावं.) माल गच्चीवर वाळतो, त्याचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला जातो आणि ऑर्डरी येतात पुण्याच्या वाकड-हिंजवडीतून, नागपुरातून, एखादी बेंगळुरूहून. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकं टाकलं की सकाळी पुण्यात. दुकान नाही, बोर्ड नाही, जाहिरातीचा खर्च शून्य.

मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनियर. मला हे बघून अर्थातच सुधारणा करायची खाज सुटली. बघतो तर मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, गाव, काय नेलं, किती तिखट लागतं, सगळं एका दोनशे पानी वहीत हातानं लिहितेय. मी म्हणालो, "मावशी, हे सगळं फोनमध्ये आहेच ना. परत कशाला लिहितेस?"

मावशी मान वर न करता म्हणाली, "फोन पान्यात पडला त गिऱ्हाइकं बी बुडतीन ना बापू. वही वाळवता येते."

मी हसलो. पण परतीच्या प्रवासात ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण कॉम्प्युटर सायन्सची चार वर्षं आणि नोकरीची पाच-सहा वर्षं मिळून मला जो प्रश्न नीट मांडता आला नव्हता, तो तिनं वाळवणाच्या भाषेत मांडला होता. छोट्या धंद्यात माल तुमचा असतो, मेहनत तुमची असते. पण गिऱ्हाइकाची आणि तुमची गाठ जिथे पडते ती जागा कोणाची असते? आणि जागेच्या मालकानं उद्या नियम बदलला तर? हा प्रश्न फेसबुकनं आणलेला नाही. आपल्या जिल्ह्यात तो निदान दीडशे वर्षं जुना आहे.

सगळ्यात जुनी जागा म्हणजे आठवडी बाजार. राळेगाव तालुक्यात तर एका गावाचं नावच वाढोणा बाजार आहे. बाजाराच्या दिवशी माणूस फक्त तेल-मीठ घ्यायला जात नसे. तिथे सोयरिकी जुळायच्या, उधारी फिटायची, कोणाचा बैल विकायचाय ते कळायचं, कोणाचा पोरगा नापास झाला तेही कळायचं. आजच्या भाषेत फीडच तो, फक्त आठवड्यातून एकदा रिफ्रेश होणारा. आणि जत्रा म्हणजे त्याच फीडचं वार्षिक रूप. वणीची रंगनाथस्वामींची जत्रा घ्या, तिथला बैलबाजार घ्या. लोक देवालाही येत आणि बैल बघायलाही.

या बाजारात जाहिरात कशी व्हायची? ओरडून व्हायची हे खरं, पण ओरडणं हा वरवरचा भाग. खरी जाहिरात म्हणजे ‘अमक्याच्या घाण्याचं तेल घे’ हे शेजारणीनं शेजारणीला सांगणं. ते एकदा झालं की तेल्याला बोर्ड रंगवायची गरज नसे, आणि उलट झालं तर कितीही ओरडून उपयोग नसे. गावात मोठ्यानं काही सांगायचं असेल तर दवंडी होती, पण दवंडी पिटणारा कोतवाल सरकारी माणूस. वरून हुकूम आला तर दवंडी. कुरड्या विकायला दवंडी नव्हती.

जागेचं भाडं तेव्हाही होतं आणि आजही आहे. बाजाराच्या वसुलीचा ठेका जातो, ठेकेदाराचा माणूस येऊन पावती फाडतो. पण या भाड्याची एक गंमत आहे. ते डोळ्यांना दिसतं. जास्त घेतलं तर भांडता येतं, आणि भांडायला समोर हाडामांसाचा माणूस असतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हा माणूस गायब होणार आहे.

आता कापूस. त्याशिवाय यवतमाळची कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे नागपुरात पोचलीसुद्धा. ज्या शेतकऱ्याचा कापूस कालपर्यंत तालुक्याच्या बाजारात जायचा, त्याचा भाव आता समुद्रापलीकडे ठरू लागला.

त्या काळी कापसाचा सौदा कसा व्हायचा माहितीये? रुमालाखाली. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि बोटं दाबून भाव सांगत. इतकी बोटं म्हणजे इतके रुपये. शेतकरी शेजारीच उभा असायचा, गाडीवर त्याचा कापूस, आणि रुमालाखाली काय चाललंय हे त्याला कळत नसे. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकच आठवलं: एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. फक्त ज्याचा माल, तोच चॅटमध्ये नाही!

यावर उपाय निघाला तोही आपल्या शेजारीच. कारंजा, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड, आमच्या दारव्ह्याहून जवळच. तिथे १८८६ साली नियम घालून दिलेला कापूस बाजार सुरू झाला. भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मग १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. ठरलेली जागा, ठरलेली वजनं, परवानाधारक दलाल. शेतकऱ्याचा फायदा झाला का? काही प्रमाणात नक्की झाला. खोट्या मापाला आळा बसला म्हणजे थोडंथोडकं नाही. पण हा कायदा शेतकऱ्याच्या प्रेमापोटी आला असं समजू नका. मँचेस्टरला भेसळ नसलेला कापूस खात्रीनं हवा होता, म्हणून बाजार नीट करायचा होता. समितीवर वजन व्यापाऱ्यांचं होतं. पुढे १९२८ च्या शाही कृषी आयोगानं वऱ्हाडाचा हा नमुना फेरफार करून इतर प्रांतांत न्यावा असं सुचवलं, आणि आजच्या बाजार समित्यांची वंशावळ तिथवर मागे जाते.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जागा सुधारली, स्वच्छ झाली, सोयीची झाली. पण कोणासाठी सुधारायची हे दूरच्या माणसानं ठरवलं.

आणि या जागेपर्यंत माल न्यायला आली आपली शकुंतला. यवतमाळकर असाल तर नुसत्या नावानंच हसू आलं असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं यवतमाळ ते मूर्तिजापूर असा ११३ किलोमीटरचा अडीच फुटी रुळांचा मार्ग टाकला. वाटेत दारव्हा, कारंजा. मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर माल चढवायचा, तिथून मुंबई, तिथून जहाजानं इंग्लंड. गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं होतं, म्हणजे कापूस ज्या गावी जाणार तिथूनच इंजिन आलेलं. १९२३ पासून ते धावलं आणि थेट १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं, मग डिझेल आलं. आमची आई सांगते की गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. प्रत्येक यवतमाळकराची आई हे सांगते, त्यामुळे खरं असावं.

पण शकुंतलेची खरी गंमत पुढे आहे. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली, तरी हे रूळ खाजगी कंपनीच्या मालकीचेच राहिले. भारतीय रेल्वे गाडी चालवायची आणि करारानं कंपनीला पैसे द्यायची. डबे आपले, प्रवासी आपले, गार्ड आपला, जमिनीवरचं लोखंड दुसऱ्याचं. आणि रुळांची डागडुजी कोणी करायची या प्रश्नात गाडीचे हाल होत गेले. आज ती गाडी धावत नाही. रुळांत झुडपं उगवली आहेत.

मराठीत आपण रेल्वेचा तोही प्लॅटफॉर्म म्हणतो आणि फेसबुकचाही प्लॅटफॉर्मच म्हणतो. मी हा विनोद ऑफिसात सांगितला होता, कोणी हसलं नाही. दारव्ह्याच्या जुन्या स्टेशनाकडे जाऊन आलात तर तुम्हालाही तो विनोद वाटणार नाही.

मधला काळ जरा पळवतो. एक जागा मात्र यवतमाळनं स्वतः तयार केली, ती सांगितलीच पाहिजे: वर्तमानपत्र. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळातून ‘लोकमत’ सुरू केलं, ते राजकारणासाठी. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डांनी ते नाव यवतमाळातूनच पुन्हा साप्ताहिक म्हणून उभं केलं आणि १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरातून त्याचं दैनिक झालं. मोठं साम्राज्य झालं ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला रस आहे तो खालच्या टोकात. तालुक्याचा वार्ताहर. हाच माणूस बातमी लिहायचा, हाच पेपरची एजन्सी बघायचा आणि हाच कापड दुकानदाराकडून दिवाळीची जाहिरात आणायचा. म्हणजे तुमच्या दुकानाची जाहिरात छापणारा माणूस तुमच्याच कट्ट्यावर चहा प्यायचा. पुढे ‘सखी मंच’ आला: वर्गणी भरून बायका सभासद व्हायच्या, हळदीकुंकू, स्पर्धा, नाटकं, आणि सोबत गावातल्या दुकानांची कूपनं. ऑनलाइन कम्युनिटी हा शब्द तालुक्यात पोचायच्या आधी कम्युनिटीच्या हातून माल विकण्याचं हे शिक्षण झालं होतं. नव्वदीत सिटी केबलवर सिनेमाच्या खाली सरकणारी पट्टी आठवते का? ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे मंगळसूत्र मिळतील.’ तेही त्याच शाळेतलं.

आता इंटरनेट. मराठी माणसांची ऑनलाइन वस्ती पहिल्यांदा उभी राहिली ती यवतमाळात नाही, मुंबई-पुण्यातही नाही, अमेरिकेत. १६ सप्टेंबर १९९६, गणेश चतुर्थी. अजय गल्लेवाले यांनी ‘मायबोली’ सुरू केली. म्हणजे फेसबुकच्या सात वर्षांहून जास्त आधी. परदेशातली मराठी मंडळी तिथे पाककृतींवर भांडायची, कथा लिहायची, गणेशोत्सव साजरा करायची. तिथे जाहिरातींसाठी वेगळा विभाग झाला आणि गप्पांच्या पानावर येऊन कोणी थेट माल विकायला लागलं की जुनी मंडळी त्याला फैलावर घेत. नियम साधा होता: आधी इथला माणूस हो, मग दुकानदार हो. वाढोणा बाजारातही हाच नियम होता ना?

यवतमाळपर्यंत हे वारं पोचलं ते सायबर कॅफेत, ऑर्कुटच्या रूपानं. जानेवारी २००४ मध्ये आलेलं ऑर्कुट आपल्याकडे तुफान चाललं. गावाच्या नावाच्या कम्युनिटी, कॉलेजच्या कम्युनिटी, एकमेकांच्या स्क्रॅपबुकात ‘काऊन बे, दिसत नाही’ असले निरोप. मी तेव्हा शाळेत होतो, मोठ्या भावाच्या मागे उभा राहून बघायचो. क्लासवाले, फोटो स्टुडिओवाले तिथे हळूच आपलं नाव टाकून जायचे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. आठवणींसाठी कोणी रडलं असेल, पण मला आज वाटतं, ज्यांनी तिथे दहा वर्षं ओळखी जमवल्या त्यांचा अख्खा बाजार एका तारखेला उठला. बाजार उठताना ठेकेदाराशी भांडावं, तर ठेकेदार कॅलिफोर्नियात.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, फार कंटाळा आणणार नाही. सुरुवातीच्या स्वस्त फोनवर देवनागरी नीट दिसायची नाही, चौकोन दिसायचे. त्यामुळे गावातल्या दुकानदारानं काय केलं? फ्लेक्सवाल्याकडे गेला. फ्लेक्सवाल्याकडे कोरलड्रॉ होतं, श्रीलिपीचे फॉन्ट होते. त्यानं जाहिरात बनवली, तिचं चित्र करून दिलं, आणि ते चित्र ग्रुपवर फिरलं. आजही आपल्या ग्रुपवरच्या ऐंशी टक्के जाहिराती चित्रंच असतात (आकडा माझ्या अंगठ्याचा आहे, कुठल्या अभ्यासाचा नाही). चित्रातली अक्षरं शोधता येत नाहीत. मार्चमध्ये आलेली जाहिरात जूनमध्ये हवी झाली की ती हरवलेलीच. म्हणून दुकानदार रोज टाकतो, म्हणून लोक वैतागतात, म्हणून ग्रुप म्यूट होतो. फॉन्टच्या एका अडचणीनं आपल्या जाहिरातीची सवय घडवली, आणि अडचण गेली तरी सवय राहिली.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि दोन महिन्यांत नोटबंदी. एकीकडे डेटा फुकट, दुसरीकडे रोकड नाही. यवतमाळच्या सोळाही तालुक्यांत चहावाल्यापासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांच्या हातात व्हॉट्सॲप आलं. जानेवारी २०१८ मध्ये छोट्या दुकानांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आलं. आणि त्याच महिन्यात फेसबुकनं जाहीर केलं की आता लोकांना मित्र आणि घरच्यांच्या पोस्टी जास्त दिसतील, धंद्यांच्या पानांच्या कमी. म्हणजे ज्यांनी तीन-चार वर्षं खपून पान वाढवलं, हजारो लाइक जमवले, त्यांना कळलं की त्या हजारांपर्यंत पोचायला आता पैसे मोजावे लागतील. भाडं वाढलं, पण पावती फाडणारा माणूस दिसला नाही.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जे घडलं ते आठवत असेल. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती आणि जमावानं डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना ठेचून मारलं. बाजाराच्याच दिवशी, बाजाराच्याच गावात. त्या आणि तशा हत्यांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती घालायलाच हवी होती, यात माझं दुमत नाही. शेजारणीनं शेजारणीला सांगणं ही जशी तेलाची जाहिरात, तशीच ती अफवेचीही वाट. तारेतून जाताना दोन्ही सारखीच दिसतात. पण मर्यादेचा फटका दोघांना बसला, अफवेला आणि कुरडईला.

पुढचं भराभर सांगतो. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं, आणि गावागावातल्या ज्या पोरापोरींनी तिथे लाखोंनी बघणारे जमवले होते ते एका रात्रीत शून्यावर आले. १५ मे ते १५ जून २०२१ या एकाच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतातली वीस लाख खाती बंद केली, बहुतेक घाऊक मेसेज पाठवणारी. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडली. घटस्थापनेला तीन दिवस उरले होते. धंद्याचे दिवस! ज्यांची गिऱ्हाइकं फक्त तिथेच होती, ते तेवढा वेळ फोन बंद-चालू करत बसले.

आता परत मावशीकडे येऊ. तिचा धंदा खरा वाढला तो २०२० च्या उन्हाळ्यात. टाळेबंदी नेमकी वाळवणाच्या मोसमात लागली. आठवडी बाजार बंद, ट्रॅव्हल्स बंद. तिनं भिशीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला, परातीत ओल्या कुरड्या. खाली भाव लिहिला नाही, ‘विकणे आहे’ लिहिलं नाही. लिहिलं, ‘यंदा उन्ह चांगलं हाये.’ गावातल्या गावात पंधरा-वीस घरांनी मागितल्या, नवऱ्यानं सायकलवरून पोचवल्या. बस सुरू झाल्यावर त्याच घरांनी पुण्याच्या लेकी-सुनांना पाठवल्या, आणि लेकी-सुनांच्या सोसायटीच्या ग्रुपवरून पुढचं सगळं झालं.

तिच्या काही सवयी मी नोंदवून ठेवल्यात. ती कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये घेत नाही. ग्रुपवर तक्रार आली की तिथेच उत्तर देते, खाजगीत नाही, म्हणजे बाकीच्यांना दिसतं. एकदा मुगवड्यांत खडे निघाले तर तिनं सरळ व्हॉइस मेसेज टाकला, "या खेपेले चूक झाली, ज्यायनं नेल्या त्यायले दुसऱ्या पाठवते." त्या आठवड्यात ऑर्डरी वाढल्या. मार्केटिंगचं पुस्तक वाचून हे येत नाही. बाजारात वर्षानुवर्षं त्याच जागी बसणाऱ्या बाईला हे आपसूक कळतं, कारण पुढच्या आठवड्यात तीच गिऱ्हाइकं परत समोर येणार असतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती मी तिला बोललोही. आपल्याकडे बरेच ग्रुप समाजाचे असतात, म्हणजे जातीचे. वधू-वर सूचक, विद्यार्थी सत्कार, निधनवार्ता, आणि मध्येच जाहिरात. तिथे विकणं सोपं जातं, विश्वास आयता मिळतो. पण मग गिऱ्हाईकही त्याच भिंतीच्या आत राहतं. मावशीसोबत कुरड्या करणाऱ्या बायांपैकी दोघी दुसऱ्या समाजाच्या आहेत. त्यांच्या हातचा माल या ग्रुपवर मावशीच्या नावानं जातो, त्यांच्या नावानं गेला असता तर किती जणांनी घेतला असता? मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाजारात कोनी नाव इचारत नव्हतं बापू, चव पाहेत." बाजाराबद्दल ती थोडं गोड बोलतेय, विचारणारे तिथेही होतेच. पण या उन्हाळ्यात तिनं पाकिटावर पाचही जणींची नावं छापून घेतली. एक-दोन जुन्या घरांनी मागवणं बंद केलं. नवी किती जोडली गेली हे ती मला सांगत नाही, म्हणते मोसम संपू दे.

आणि वही? मी हट्टानं एका दुपारी तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि तीन ठिकाणी साठवून ठेवले. इंजिनियरला एवढंच सुचतं. मावशीनं विचारलं, "झाले का काढून? आता तुया फोन नको पाडू पान्यात."

फोटो काढताना पानं नीट वाचली. नावांपुढे बारीक अक्षरात नोंदी आहेत. ‘कमी तिखट.’ ‘सासू वारली, या वर्षी सणाचं नाही.’ ‘मुलगी जर्मनीला गेली, पाकीट पातळ करणे.’ शेवटून तिसऱ्या पानावर माझंही नाव सापडलं. पुढे लिहिलंय: ‘सरगुंडे २ किलो. पैसे घेऊ नये. पोहोचल्याचा फोन करत नाही.’